पुस्तकात नसलेला कुत्रा

पुन्हा निमंत्रणं यायला लागली आहेत. थंडी पडली, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन स्वेटर माळ्यावरून खाली आले, आणि पुण्यात पुस्तकं प्रकाशित होण्याचा हंगाम सुरू झाला. रोज सकाळी फोनवर एक नवं कार्ड येऊन पडतं. वर मुखपृष्ठ, खाली तीन गोलांत तीन चेहरे, मधला गोल इतरांपेक्षा जरा मोठा, आणि सगळ्यात खाली 'कार्यक्रम वेळेवर सुरू होईल' अशी सभ्य भाषेतली धमकी. मी ते कार्ड बोटांनी मोठं करते आणि मधल्या गोलातल्या माणसाने पुस्तक वाचलं असेल का, याचा अंदाज बांधत बसते. ही खोड मला गेल्या वर्षी लागली. गेल्या वर्षी त्यातला एक गोल माझा होता.

मुळात मी संशयी. आणि त्याचाच मला पगार मिळतो. खराडीतल्या एका कंपनीत मी आरोग्यविम्याचे दावे तपासते. समोरचा माणूस खरोखर आजारी होता की फक्त कागदावर आजारी होता, हे शोधायचं. आमच्याकडे एक जुनी युक्ती आहे. दावा करणाऱ्याला फोन करायचा, तब्येतीची चौकशी करायची आणि बोलता बोलता म्हणायचं, "तेव्हा तिथली लिफ्ट बंद होती म्हणे, फार त्रास झाला असेल ना?" हॉस्पिटल असतं बैठं. लिफ्टच नसते तिथे. खरा पेशंट विचारतो, "कुठली लिफ्ट?" खोटा म्हणतो, "हो ना मॅडम, जिने चढून जीव गेला." वर्षानुवर्षं हे केल्यावर घरीदारीही माणसाकडे सरळ नजरेने बघणं होत नाही. सलीम, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की मी त्याच्या शिंकेचंसुद्धा बिल मागते.

अशा बाईने कादंबरी लिहिली. चाळिशी उलटल्यावर, कात्रज ते खराडी अशा बसच्या प्रवासात, फोनवर, अंगठ्याने.

ती कशावर आहे हे आधीच सांगून टाकते. माझी थोरली बहीण, रेहाना आपा. माझ्याहून बरीच मोठी, शाळेत मराठी शिकवून आता निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. कात्रजला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. अम्मी गुलबर्ग्याकडची, तिला मराठी धड कळायचं नाही. त्यामुळे घरात बोलायचं हिंदीत, आणि अम्मीपासून काही लपवायचं असलं की आम्ही दोघी मराठीवर यायचो. मी शाळेत होते तेव्हा एका सकाळी आपा निळी बॅग घेऊन बाहेर पडली. दारात मला मराठीत म्हणाली, "अम्मीला सांग, मैत्रिणीकडे गेले." संध्याकाळी मी गॅलरीतून बघत होते, ती तीच बॅग घेऊन परत आली. तोंड धुतलं, पोळ्या लाटल्या, दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला गेली. कोणीतरी होता, एवढं मला मोठ्यांच्या कुजबुजीतून माहीत होतं. तो आला नसणार, हे मी माझं ठरवलं. पुढे कोणी काही विचारलं नाही आणि आपानेही सांगितलं नाही.

कादंबरीत ती सांगलीची कुमुद झाली. नाव बदललं, गाव बदललं, धर्म बदलला. कुमुद एसटी स्टँडच्या बाकावर दिवसभर बसून राहते आणि तो येत नाही, ते प्रकरण लिहिताना मी बसमध्ये रडले होते. शेजारच्या बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली होती.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत आपाला दिली. तिने मुखपृष्ठावरून हात फिरवला, "वाचते" म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली. त्या हंगामात बाकी जगाचं मत काहीही असतं तरी मला चाललं असतं. आपाने ते प्रकरण वाचलं का, आणि वाचून ती दुखावली का, एवढंच मला कळायला हवं होतं. नेमकं तेवढंच विचारायची हिंमत होत नव्हती.

प्रकाशकांना या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. सदाशिव पेठेत एका जिन्याखाली त्यांचं ऑफिस, आत बसायचं तर मान वाकवून. "मॅडम, छापून झालं म्हणजे झालं, असं समजू नका," ते म्हणाले. "आता फिरा."

"कुठे?"

"बोलावतील तिथे. नाही बोलावलं तर आसपास दिसत राहा."

प्रकाशन कर्वेनगरच्या एका सभागृहात झालं. नव्या कागदाचा वास, कानटोप्या घातलेले पहिल्या रांगेतले आजोबा, बाहेर उकळणाऱ्या चहात आल्याचा वास, आणि माईक लावताना 'हॅलो, हॅलो' म्हणणारा माणूस जो तेवढं बोलूनही वक्त्यांपेक्षा जास्त ऐकला गेला. आमच्याकडे पुस्तकं चकचकीत कागदात गुंडाळून, वर रिबीन बांधून ताटात आणतात. पाहुण्यांनी रिबीन सोडायची की पुस्तक प्रकाशित झालं. आमची गाठ सुटेना. पाहुण्यांनी ओढली, मी ओढली, प्रकाशक दात लावायच्या विचारात दिसले. शेवटी तिसऱ्या रांगेतून कुणीतरी नेलकटर पुढे पाठवलं.

प्रमुख पाहुणे निवृत्त प्राध्यापक होते. आपल्या तरुणपणावर बोलले, सायकलवर बोलले, मग तेव्हाच्या पुण्याच्या थंडीवर. शेवटी म्हणाले, "या कादंबरीविषयी मी काय सांगणार? ती वाचायलाच हवी." त्यांच्या हातातली प्रत इतकी कोरी होती की उघडताना कुरकुरली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि लेखिकेचं मराठी बघा. कुठेही वाटत नाही की..." वाक्य तिथेच सोडून दिलं त्यांनी. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी एका बाईंनी माझा हात हातात घेतला. "किती शुद्ध बोलता हो तुम्ही. मराठी कुठे शिकलात?"

"कात्रजच्या बसमध्ये," मी म्हणाले.

"हो का?" म्हणाल्या, आणि त्यांना ते पटलंही. अब्बांचे आजोबासुद्धा याच शहरात जन्मले आणि याच शहरात गेले, हे सांगायचा मला कंटाळा आला होता. मला राग येतो. कौतुक आहे हे कळतं, तरी येतो. कादंबरीचं कौतुक किती आणि 'नसीम' या नावाचं किती, हे वेगळं काढता येत नाही. ज्या बिलात दोन रकमा एकत्र लिहिलेल्या असतात ते बिल मी ऑफिसात परत पाठवते. इथे परत कुणाकडे पाठवणार? हसून पेढा घेतला.

कुत्रा जन्मला तो ऑफिसात. आमच्या टीममधला तन्मय माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅम, तुमचं बुक वाचलं. खतरनाक आहे. एकदम रिलेट झालं."

"कुठला भाग?"

"असा एक नाही सांगता येणार मॅम. ओव्हरऑल."

माझ्या आतली ती लिफ्टवाली बाई जागी झाली. "तो कुत्रा मरतो ते वाचताना काय वाटलं रे?"

तन्मयने छातीवर हात ठेवला. "मॅम, प्लीज. मी त्या दिवशी जेवलो नाही."

माझ्या कादंबरीत कुत्रा नाही. मांजरसुद्धा नाही. एका ठिकाणी एक म्हैस रस्ता ओलांडते, तीही ओलांडून निघून जाते.

मग काय, मी सुटलेच. जो भेटेल त्याला कुत्रा. धाकटी नणंद म्हणाली, कुत्र्याचं नाव फार गोड ठेवलंय. प्रकाशकांची भाची माझं रील करायला आली होती. मी खिडकीशी उभी राहून पान उलटायचं आणि मग 'काहीतरी आठवल्यासारखं' वर बघायचं होतं. तिलाही विचारलं. "हो ना, डॉग लव्हर्सना आपण टॅग करू या," ती म्हणाली. एका पॉडकास्टवाल्याने तर कमाल केली. कानाला हेडफोन लावून, गंभीर चेहऱ्याने त्याने मलाच विचारलं, कुत्रा हे एकाकीपणाचं प्रतीक आहे का. मी म्हणाले, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. त्या भागाखाली कुणीतरी लिहिलं होतं की कुत्र्याचा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला. मला वाटतं आजही या शहरात काही माणसं अशी असतील, की ज्यांना माझ्या कादंबरीतलं फक्त ते कुत्रंच आठवतं.

सलीमला विचारलं, "कुत्र्यापर्यंत आलास का?"

"मी अजून अर्पणपत्रिकेवर आहे," तो म्हणाला. एवढा प्रामाणिक माणूस आपल्या घरात आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी नव्याने कळलं.

हसत होते मी, पण मजा वाटत होती असं नाही. संध्याकाळी खराडीच्या थांब्यावर शाल गुंडाळून बसची वाट बघताना सगळे चेहरे एकेक करून पुढे यायचे. खरंच वाचलेली माणसंही असतीलच ना त्यांत. त्यांचंही कौतुक मी त्याच संशयाच्या चाळणीत घालत होते. कुणी डोळ्यांत पाणी आणून बोललं, तरी मी मनात म्हणायचे, बघू या कुत्र्याचं काय म्हणतात ते. ज्यासाठी लिहिलं होतं ते घडत असलं तरी मला ते दिसण्याची सोय मी ठेवली नव्हती.

या वर्षी एका नव्या मुलीने मला तिच्या कार्डावरच्या गोलात घेतलंय. परवा तिचा फोन आला. "मॅम, वाचायला वेळ मिळाला का?" आवाज अगदी सहज, पण त्यामागचं खोदकाम मला लगेच ओळखू आलं. मी तिला तिच्या मधल्या प्रकरणातलं एक वाक्य म्हणून दाखवलं. ती हळूच म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते, घरी कुणीच वाचलं नाहीये अजून." मी विषय बदलून कार्यक्रमाची वेळ विचारली.

कारण घरचं वेगळंच असतं. प्रकाशनानंतर थोड्या दिवसांनी मी आपाकडे चहाला गेले. तिच्याकडे चहा नेहमी कमी साखरेचा, आणि बशीत दोन खारी. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं.

"वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं. छान आहे."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान. भाषा स्वच्छ आहे." निबंधाच्या वहीखाली शेरा मारावा तसं बोलली. माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही.

"आणि तो कुत्रा?"

आपाने माझ्याकडे बघितलं. "कुत्रा चांगला रंगवलायस," म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

बाकीच्यांचं खोटं मी सलीमला नकला करून दाखवत होते. हे दाखवता आलं नाही. जिन्यात बसून रडले मी, अगदी लहान मुलीसारखी. जिने मला मराठी शिकवलं तिने माझं पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं. आणि रडता रडता दुसरं एक बारीकसं मन म्हणत होतं, बरं झालं, वाचलं नाही म्हणजे दुखावलीही नाही. हे दुसरं मन मला जास्त लागलं. पुढचे कितीतरी दिवस मी खाली गेले की तिच्या कपाटाकडे बघायचे. पुस्तक होतं तिथेच, उभं, दोन शब्दकोशांच्या मध्ये.

जानेवारी संपत आला तेव्हा कर्वेनगरच्याच एका ज्येष्ठ नागरिक संघाने बोलावलं. 'लेखिका आपल्या भेटीला'. आपा आपणहून म्हणाली, "मी येते. मलाही आता असल्या संघात नाव घालायचंय." ती तिसऱ्या रांगेत बसली, मांडीवर पाण्याची बाटली. माझं बोलून झाल्यावर लिमये नावाचे एक काका उठले.

"मी पुस्तक विकत घेऊन वाचलेलं आहे, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे," ते म्हणाले. "सांगलीच्या स्टँडवरचा पाण्याचा नळ तुम्ही चुकीच्या बाजूला दाखवलाय. मी तिथे नोकरीला होतो. शिवाय तुमचा नायक फार सिगारेटी ओढतो, एवढ्या पगारात ते शक्य नाही." असं बराच वेळ चाललं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं. पण खोड ती खोड. मी विचारलंच, "आणि काका, त्या कुत्र्याबद्दल काय वाटलं?"

"कुत्रा?" लिमयेकाकांनी चष्मा खाली ओढला. "अहो बाई, तुमच्या पुस्तकात कुत्रा नाही. तुम्ही स्वतः वाचलंय ना ते?"

सभागृह खदखदून हसलं. मी आपाकडे बघितलं. ती हसत नव्हती, खाली बघत होती. तेवढ्यात मागून एक आजी बोलल्या. पदराने डोळे पुसत होत्या. "मला बाई कुमुदची फार दया आली. जन्मभर त्या बाकावरच राहिली म्हणायची बिचारी. अशा बायका असतात हो, आपल्याला दिसत नाहीत." सगळ्यांनी माना हलवल्या. आपा बाटलीचं झाकण घट्ट करत होती. ते आधीच घट्ट होतं, तरी करत होती.

परत रिक्षाने निघालो. कात्रजच्या चौकात गर्दीत अडकलो तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "आजी चांगल्या होत्या."

त्यानंतरचा रविवार. सकाळी आपाच्या गॅलरीत ऊन येतं, हिवाळ्यात तेवढाच कोपरा गरम असतो. आम्ही मटार सोलत बसलो होतो. टरफलांचा तो ओला, गोडसर वास, पातेल्यात दाणे पडल्याचा आवाज. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं मला.

"आपा, तू पुस्तक वाचलेलं नाहीस," मी म्हणाले. "लिमयेकाकांचं ऐकलंस ना? कुत्रा नाहीये त्यात."

"माहितीये."

"मग चांगला रंगवलायस म्हणून कशाला म्हणालीस?"

तिने एक शेंग उघडली. आत कीड निघाली, बाजूला टाकली. "तू कुत्र्याचं विचारलंस तेव्हा मला वाटलं, तूच मला वाट काढून देतेयस. न वाचल्याचं दाखवायची. मी निघाले त्या वाटेने. खरंच वाचलंय हे तुला कळलं असतं तर कुमुदवर बोलावं लागलं असतं. तुलाही आणि मलाही."

पुस्तक दिलं त्याच आठवड्यात तिने ते वाचून संपवलं होतं.

"रागावलीस?"

"आधी रागावले होते. मग त्या स्टँडच्या प्रकरणाशी आले आणि राग गेला. हसू आलं मला."

"हसू?"

"किती रडवलंयस गं तिला. दिवसभर त्या बाकावर. पाणी प्यायलासुद्धा उठू देत नाहीस." तिने पातेलं स्वतःकडे ओढलं. "तो आला होता, नसीम."

खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. ती लांब जाईपर्यंत आपा थांबली.

"माझ्या आधी येऊन उभा होता. स्वारगेटला. गाडी लागलेली होती. खिडकीतून रुमाल टाकून त्याने दोन जागा धरल्या होत्या. खिडकीची माझ्यासाठी. आणि खाली उभा राहून त्या रुमालावर नजर ठेवून होता, कोणी बसेल म्हणून. मी लांबून बघितलं त्याला. आणि वळले."

"का पण?"

"काय सांगू? चांगला होता तो. पण मी येणार, खिडकीत बसणार, पुढे कुठे उतरणार, सगळं त्याचं ठरून गेलेलं होतं. तो रुमाल बघितला आणि माझ्या लक्षात आलं, मला या सगळ्यात कोणी काही विचारलेलंच नाही. त्यानेही नाही. सारसबागेत जाऊन बसले दिवसभर. भेळ खाल्ली. ऊन उतरल्यावर घरी आले."

ज्यांनी खरोखर वाचलं होतं, त्या सगळ्यांनी ज्या प्रकरणासाठी डोळे पुसले होते, ते असं होतं. शहरभर मी माणसांवर संशय घेत फिरले. आणि आपा बाकावर बसून रडली, हा दावा मात्र मी एकही कागद न बघता मंजूर करून टाकला होता. लहानपणीच, गॅलरीतून.

"दुसरी आवृत्ती निघाली तर बदलते मी," मी म्हणाले.

"अजिबात बदलायचं नाही. आहे ते चांगलं लिहिलंयस. खोटं आहे, पण चांगलं लिहिलंयस. लोक बिचारी म्हणतात ते कुमुदला. माझं माझ्याजवळ राहिलं."

आणि तेवढ्यात, सवयच ती, माझ्या आतली ती बाई पुन्हा उठून बसली. आला होता कशावरून? भर सभेत 'बिचारी' ऐकून घरी आलेली माझी बहीण. ती आता सांगते, तो आला होता, मीच वळले. रुमाल काय, खिडकी काय, भेळ काय. इतकं नीट. एवढ्या वर्षांत कधी नाही, आणि नेमकं आत्ताच? रुमालाचा रंग विचारायचा. मग गाडी कुठली होती ते. आणि मधेच सहज म्हणायचं, 'पण सारसबाग तर तेव्हा दुरुस्तीला बंद होती ना गं?' लगेच कळलं असतं. हे माझं रोजचं काम आहे, मला ते चांगलं येतं. प्रश्न जिभेवर येऊन थांबला होता.

आपाचे हात थांबले. उभं आयुष्य वर्गात मुलांच्या तोंडावरचे प्रश्न वाचलेली बाई ती.

"विचार," ती म्हणाली. "काय विचारायचंय ते विचार."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. डोळे कोरडे होते, पण हनुवटी जराशी हलत होती.

"काही नाही," मी म्हणाले. "आला होता ना? झालं तर मग."